वत्सगुल्म ते नारा, चीनमार्गे

जपानमध्ये नारा शहराच्या नैऋत्येला इकारुगा नावाचं गाव आहे. तिथलं होर्यूजी मंदिर जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक मानलं जातं. त्याच्या मुख्य मंडपाच्या भिंतींवर सुमारे १,३०० वर्षांपूर्वी बारा चित्रं रंगवली गेली. त्यांतल्या एका चित्रात अमिताभ बुद्धाच्या शेजारी अवलोकितेश्वर बोधिसत्त्व उभा आहे. कमरेतून किंचित कललेला देह, झुकलेले डोळे, रत्नजडित मुकुट, हलकेच वळलेली बोटं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्याने पाहिला आहे, त्याला ही ओळख सांगावी लागत नाही. अजिंठ्याच्या या वैभवाला राजाश्रय मिळाला तो वत्सगुल्मच्या राजांकडून. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम.

पण वाशिमच्या मुलखातून कोणी चित्रकार उठून जपानला गेला, असं झालेलं नाही. मधे मध्य आशियातली वाळवंटं आहेत, चीनची अफाट भूमी आहे, कोरियाची राज्यं आहेत. चीनने भारताकडून घेतलं, ते पचवलं, त्यात स्वतःचं पुष्कळ मिसळलं. जपानने चीनकडून घेतलं, तेही पारखून. एका समाजाने दुसऱ्याकडून किती घ्यावं, कसं घ्यावं आणि काय नाकारावं, हे समजून घ्यायला सहाव्या ते नवव्या शतकातल्या जपानसारखं उदाहरण सापडणं कठीण. आणि वऱ्हाडातल्या वाचकाला या गोष्टीत आपल्या परिसराचे धागेही सापडतात.

वाकाटक घराण्याची एक शाखा चौथ्या शतकात वत्सगुल्मला स्थिरावली. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता आणि त्याचं ‘हरिविजय’ हे काव्य संस्कृतात नव्हे, प्राकृतात होतं. पुढच्या काळातल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. एवढा त्या गावाचा साहित्यात दबदबा होता. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचे ताम्रपट १९३९ साली वाशिमला सापडले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र करून अभ्यासले, त्यांत या ताम्रपटांचं स्थान महत्त्वाचं आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात, अशी त्यांची रचना आहे. मान संस्कृतला होता, पण गाव कोणाला दिलं आणि कोणत्या सवलतींसह दिलं, हे लोकांना कळणाऱ्या भाषेतच लिहायला हवं होतं. जपानी दरबारालाही पुढे हाच प्रश्न पडणार होता.

वाशिमजवळच्या हिस्से बोराळ्याचा शिलालेखही असाच मोलाचा. वाकाटक राजा देवसेन याच्या काळात तिथे ‘सुदर्शन’ नावाचं तळं बांधलं गेलं आणि त्याची नोंद शके ३८० अशी कोरली गेली, म्हणजे इसवी सन ४५८च्या सुमाराची. शक संवताचा इतका स्पष्ट उल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. आजही घरोघरी पंचांगावर शके छापलेलं असतं, ती कालगणना या मुलखात साडेपंधराशे वर्षांपूर्वी तळ्याच्या कामावर नोंदवली गेली होती.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून भिक्षुसंघाला अर्पण केलं. लेण्याबाहेरच्या लेखात खिडक्या, दारं, चित्रशाळा आणि पाण्याची सोय यांचं कौतुकाने वर्णन आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या पर्वाचं जवळजवळ सगळं काम हरिषेणाच्या कारकिर्दीच्या आसपास, जेमतेम वीस वर्षांत उरकलं, असं मत अमेरिकी संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभराच्या अभ्यासानंतर मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्मची सत्ता आणि अजिंठ्याची कला एकाच वेळी शिखरावर होती, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

त्याच सुमारास जपान कुठे होता?

इसवी सन ४७८ मध्ये जपानच्या ‘बू’ नावाच्या राजाने दक्षिण चीनमधल्या सुंग दरबाराला पत्र पाठवलं. आपल्या पूर्वजांनी चिलखत चढवून डोंगर-नद्या ओलांडत किती मुलूख जिंकले, याचं त्यात वर्णन होतं आणि चिनी सम्राटाने आपल्याला मोठी पदवी द्यावी, अशी विनंती होती. पत्र उत्तम चिनी भाषेत होतं. जपानकडे तोवर स्वतःची लिपीच नव्हती. मोठमोठी कुळं आपापल्या भागावर सत्ता गाजवत होती, मेलेल्या सरदारांसाठी डोंगराएवढे मातीचे उंचवटे रचले जात होते, भाताची शेती आणि लोखंडाची हत्यारं आलेली होती. पण कायदा, दप्तर, तारीख, ग्रंथ यांतलं काहीही देशी भाषेत लिहून ठेवायची सोय नव्हती.

लेखन आलं ते कोरियामार्गे. कोरियातल्या पेकचे राज्याशी जपानचं सख्य होतं. तिथले लेखनिक, विणकर, कुंभार, धातुकाम करणारे कारागीर कुटुंबंच्या कुटुंबं जपानला येऊन वसली. जपानी संस्कृतीच्या पायाभरणीत या स्थलांतरितांचा वाटा फार मोठा आहे. ‘चीनचा प्रभाव’ या दोन शब्दांत ही माणसं झाकली जातात, हे खटकतं. पेकचेच्या राजाने यामातोच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानी राजाच्या दरबाराला बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ धाडले. हे एका परंपरेनुसार ५३८ साली घडलं, तर ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथानुसार ५५२ साली. ६०२ मध्ये पेकचेचाच एक भिक्षू पंचांग, ज्योतिष आणि भूगोल यांचे ग्रंथ घेऊन आला. ६१० मध्ये कोरियातल्याच कोगुर्यो राज्यातून आलेल्या भिक्षूने कागद आणि शाई करण्याचं कसब आणलं, अशी नोंद आहे.

नव्या धर्माचं स्वागत मात्र एकमुखाने झालं नाही. सोगा घराणं बुद्धाच्या बाजूने होतं, मोनोनोबे घराण्याला परका देव नको होता. साथीचा रोग आला की देशी देव कोपले म्हणून मूर्ती कालव्यात फेकल्या जात. शेवटी ५८७ मध्ये लढाई झाली आणि सोगा जिंकले. या काळातली एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जपानमध्ये बौद्ध दीक्षा घेणाऱ्या पहिल्या व्यक्ती पुरुष नव्हत्या. ५८४ मध्ये झेनशिन नावाची कोवळ्या वयाची मुलगी आणि तिच्यासोबत आणखी दोन मुली भिक्षुणी झाल्या. विरोधकांनी त्यांची भर चौकात विटंबना केली, तरी त्या डगमगल्या नाहीत. पुढे त्या विनयाचे, म्हणजे भिक्षुसंघाच्या शिस्तीचे, नियम शिकायला समुद्र ओलांडून पेकचेला गेल्या.

सम्राज्ञी सुइको आणि तिचा भाचा राजपुत्र शोतोकु यांच्या काळात या उसनवारीला दिशा मिळाली. ६०४ साली शोतोकुच्या नावे प्रसिद्ध असलेली सतरा कलमी आचारसंहिता आली. सलोखा राखावा, बुद्ध-धर्म-संघाचा आदर करावा, अधिकाऱ्यांनी सकाळी लवकर कामाला लागावं, लाच घेऊन न्याय करू नये, असा तिचा रोख आहे. त्यात कन्फ्यूशियसची शिकवण आहे आणि बुद्धाचीही. ६०७ मध्ये चीनच्या सुई सम्राटाकडे जो वकील गेला, त्याच्या हातच्या पत्रात जपानच्या राजाने स्वतःला उगवत्या सूर्याच्या देशाचा आणि चीनच्या सम्राटाला मावळत्या सूर्याच्या देशाचा अधिपती म्हटलं होतं. सम्राट भडकला. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी पदवी मागणारा जपान आता बरोबरीच्या नात्याने बोलू पाहत होता, आणि तेही चिनी अक्षरांतच.

६४५ मध्ये सोगांची सत्ता उलथवली गेली. त्यानंतरच्या ‘ताइका’ सुधारणा आणि ७०१ची ‘ताइहो’ संहिता यांनी तांग घराण्याच्या चीनच्या धर्तीवर राज्ययंत्रणा उभी राहिली. खाती, दर्जे, प्रांत, जिल्हे, शिरगणती सगळं आलं. सगळी जमीन राजाची ठरली. दर सहा वर्षांनी माणसं मोजायची आणि सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला भातशेतीचा तुकडा द्यायचा, असा नियम होता. बाईचा वाटा पुरुषाच्या दोन-तृतीयांश असे. कर तीन प्रकारे वसूल होई: धान्य, कापड किंवा स्थानिक माल, आणि वेठीची मजुरी. तलाठ्याच्या दप्तरात आज जसं प्रत्येक शेताचं नाव-गाव सापडतं, तसंच त्या काळच्या काही गावांच्या खानेसुमारीचे कागद आजही टिकून आहेत. कोणाच्या घरात किती बायका, किती मुलं, कोणाचं वय किती, हे त्यांत वाचता येतं.

७१० मध्ये नवी राजधानी वसली, हेइजो-क्यो, म्हणजेच नारा. तिच्यासमोर नमुना होता तांगांच्या राजधानीचा, चांगआनचा. उत्तरेला राजवाडा, त्यापासून दक्षिणेला जाणारा सत्तर मीटरहून रुंद राजमार्ग, काटकोनात छेदणारे रस्ते, पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन बाजार. चांगआन तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं आणि तिथे इराणी व्यापारी, भारतीय भिक्षू, तुर्क सैनिक, कोरियन विद्यार्थी एकाच बाजारात वावरत. नारा त्यामानाने लहान, क्षेत्रफळात चौथाई भरेल एवढं. पण नकाशा हुबेहूब वाटला तरी एक गोष्ट जपान्यांनी उचलली नाही. चांगआनला चहूबाजूंनी जशी भक्कम तटबंदी होती, तशी नाराला बांधली नाही. समुद्राने वेढलेल्या देशाला घोडदळाच्या धाडींची तशी धास्ती नव्हती.

त्यांनी काय नाकारलं, याची यादी घेतल्याच्या यादीइतकीच बोलकी आहे. चीनमध्ये परीक्षा देऊन सामान्य घरातला हुशार मुलगा मोठा अधिकारी होऊ शकत असे, निदान तत्त्वतः. जपानने राजधानीत विद्यापीठ काढलं, परीक्षाही ठेवल्या, पण वरची पदं जन्माने ठरली, कारण सरदार घराणी आपला वारसा सोडायला तयार नव्हती. चिनी राजनीती सांगे की राजा अन्यायी झाला तर आकाश त्याचा अधिकार काढून घेतं आणि घराणं बदलतं. जपानने हा विचार बाजूला ठेवला. सम्राट सूर्यदेवी अमातेरासूचा वंशज, त्याचं घराणं बदलायचं नाही, हे कायम राहिलं. दरबारात खोजे ठेवण्याची चिनी रीतही जपानमध्ये रुजली नाही. शिंतो देवस्थानं मोडली नाहीत, त्यांच्या शेजारी बौद्ध विहार उभे राहिले. यातलं सगळंच शहाणपणाचं होतं असं नाही. वरची पदं जन्मावर ठेवून जपानने गुणी माणसांसाठी दार बंद केलं, हे नुकसानच होतं. पण निवड त्यांची स्वतःची होती.

ही निवड करता यावी म्हणून माणसं समुद्रावर जिवाची बाजी लावत होती. ६३० ते ८३८ या काळात तांग दरबाराकडे पंधराच्या आसपास शिष्टमंडळं गेली. पुढच्या काळातल्या मोहिमांत चार-चार जहाजं आणि पाचशे-सहाशे माणसं असत: वकील, दुभाषे, वैद्य, विद्यार्थी, भिक्षू, खलाशी. कोरियाशी बिनसल्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याची वाट बंद झाली आणि उघड्या समुद्रातून जावं लागलं. चारही जहाजं सुखरूप परत आली, असं क्वचितच घडे. ७१७ साली गेलेला आबे नो नाकामारो चीनमध्ये शिकून तांग दरबारात अधिकारी झाला आणि चिनी कवींचा मित्र बनला. ७५३ मध्ये तो मायदेशी निघाला, पण वादळाने जहाज पार व्हिएतनामच्या किनाऱ्याला नेलं. तिथून तो पुन्हा चांगआनला पोहोचला आणि ७७० मध्ये तिथेच वारला.

उलट दिशेने आलेला गांजिन (चिनी नाव च्यानचन) हा यांगचौचा विख्यात विनयाचार्य. जपानमध्ये विधिवत दीक्षा देणारे आचार्य नाहीत, तुम्ही चला, अशी विनंती दोन जपानी भिक्षूंनी ७४२ मध्ये केली, तेव्हा शिष्यांतलं कोणी पुढे येईना. तेव्हा तो स्वतः निघाला. अधिकाऱ्यांची मनाई, शिष्यांचीच चुगली, वादळं अशा कारणांनी पाच प्रयत्न फसले. बोलवायला आलेल्या दोघांपैकी एक वाटेतच वारला. गांजिनची दृष्टी गेली. सहाव्या खेपेस, ७५३ च्या अखेरीस, तो जपानच्या किनाऱ्याला लागला तेव्हा वयाची पासष्टी गाठलेली होती. नारामध्ये त्याने स्थापलेल्या तोशोदाईजी मंदिरात त्याची मूर्ती आहे, डोळे मिटलेली. जपानमधल्या सर्वांत जुन्या व्यक्तिशिल्पांत ती गणली जाते.

या येण्याजाण्यात महाराष्ट्राशी थेट जोडणारा एक दुवा आहे.

ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथले लोक साधे पण मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सहन करत नाहीत, सूड घ्यायचा असेल तर शत्रूला आधी सूचना देतात, असं त्याने लिहून ठेवलं. राज्याच्या पूर्व सीमेवर डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णनही त्याने केलं आहे. त्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असं तो सांगतो. हा विहार अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वराहदेवाच्या सोळाव्या लेण्याकडे चढताना पायथ्याशी ते हत्ती आजही दिसतात.

ह्युएन त्संग ६४५ मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन चांगआनला परतला आणि भाषांतराला बसला. ६५३ मध्ये दोशो नावाचा जपानी भिक्षू शिष्टमंडळासोबत चीनला गेला आणि थेट ह्युएन त्संगचा शिष्य झाला. गुरूने त्याला आपल्याच खोलीत राहायला जागा दिली, असं जपानी परंपरा सांगते. महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून चाललेल्या माणसाकडून शिकून दोशो मायदेशी आला. त्याने विज्ञानवाद हे बौद्ध तत्त्वज्ञान जपानला नेलं. गावोगाव हिंडून विहिरी खोदवल्या, नदीवर उतार आणि पूल केले. ७०० साली तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला अग्नी दिला गेला. जपानच्या दरबारी इतिवृत्तात दहनाची ही पहिली नोंद आहे. तोवर तिथे मृताला पुरण्याची रीत होती. तीनच वर्षांत सम्राज्ञी जितोचंही दहन झालं. जगण्याच्या रीती किती आतवर बदलत होत्या, हे यावरून दिसतं.

एक भारतीय तर प्रत्यक्षच पोहोचला. बोधिसेन हा दक्षिण भारतातला, भारद्वाज गोत्राचा. तो आधी चीनला गेला होता. जपानी शिष्टमंडळाच्या आग्रहावरून ७३६ मध्ये तो नाराला आला. त्याच्याबरोबर चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामचा एक भिक्षू होता. त्याने जपानी दरबाराला आपल्याकडचं संगीत-नृत्य शिकवलं. सम्राट शोमूने तोदाईजीमध्ये सुमारे पंधरा मीटर उंचीची काशाची बुद्धमूर्ती ओतून घेतली. ७५२ मध्ये तिचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा करायचा मान बोधिसेनाला मिळाला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्या जमलेल्या लोकांनी धरल्या होत्या, म्हणजे डोळा उघडण्याच्या त्या क्षणी प्रत्येकाचा हात लागला. तो कुंचला नाराच्या शोसोइन कोषागारात आजही जपून ठेवलेला आहे.

लिपीच्या बाबतीत जपानने दोन्ही परंपरांकडून घेतलं. चिनी अक्षर हे अर्थाचं चिन्ह, तर जपानी भाषा प्रत्ययांची, मराठीसारखी कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाने चालणारी. सुरुवातीला चिनी अक्षरं फक्त आवाजासाठी वापरून जपानी शब्द लिहिले गेले. आठव्या शतकातला ‘मान्योशू’ हा काव्यसंग्रह असाच लिहिलेला आहे. पुढे ती अक्षरं झरझर लिहिताना झिजत गेली आणि त्यांतून काना ही अक्षरमाला तयार झाली. ती लावायची कोणत्या क्रमाने, याचं उत्तर संस्कृतच्या अभ्यासातून आलं. कुकाई हा भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला आणि तिथल्या भारतीय आचार्याकडून संस्कृत आणि सिद्धम् लिपी शिकून आला. सिद्धम् ही आपल्या देवनागरीची सख्खी नातलग. बौद्ध मठांत तिचा अभ्यास पिढ्यानपिढ्या चालला.

आज जपानी मूल शाळेत जी मुळाक्षरं घोकतं, ती अशी: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मराठी मुलाला हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी स्वर, मग कंठापासून ओठांकडे येणारी व्यंजनं, मग अंतःस्थ. ‘च’च्या जागी ‘स’ आणि ‘प’च्या जागी ‘ह’ कसा, हा प्रश्न पडेल. जुन्या जपानीत ‘स’चा उच्चार ‘च’ वर्गाजवळचा होता आणि ‘ह’ मुळात ‘प’ होता, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. क्रम चुकलेला नाही, पुढे उच्चार सरकले. आणि जपानी कबरींमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरं आजही लिहिली जातात.

८९४ मध्ये तांग दरबाराकडे माणसं पाठवणं थांबवावं, असा सल्ला सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याने दिला. तांगांची सत्ता मोडकळीला आली होती आणि ९०७ मध्ये ती संपलीच. त्यानंतरच्या शतकभरात जपानी साहित्य बहरलं, ते कानामध्ये. पुरुष दरबारी चिनीत लिहीत, कारण विद्वत्तेची भाषा ती. काना ही बायकांची लिपी समजली जाई. आणि याच लिपीत मुरासाकी शिकिबूने अकराव्या शतकाच्या आरंभी ‘गेंजी’ची कथा लिहिली, जी जगातली पहिली मोठी कादंबरी म्हणून ओळखली जाते.

इथे वऱ्हाडातल्या रिद्धपूरची आठवण होणं साहजिक आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, तेही मराठीत. चक्रधरांच्या महानुभाव पंथात संस्कृतचे जाणकार पंडित असतानाही नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला, कारण साध्यासुध्या माणसांना आणि म्हाताऱ्या बायकांना धर्म कळायला हवा होता. त्याच पंथातल्या महदंबेने ‘धवळे’ रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. मुरासाकी आणि महदंबा यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, काळही निराळा. पण मानाची भाषा वेगळी असताना घरच्या भाषेतलं मोठं काम दोन्हीकडे बायकांच्याही हातून उभं राहिलं.

चीनमार्गे गेलेल्या देवतांची तर गर्दीच आहे. सरस्वती तिथे बेंझाइतेन झाली. हातात वीणेऐवजी बिवा आली आणि देवळं पाण्याकाठी उभी राहिली. कुबेर म्हणजे वैश्रवण तिथे बिशामोनतेन झाला. महाकालाचा दाइकोकुतेन झाला, तो आता भाताच्या पोत्यांवर उभा राहून हसतो. यम एन्मा झाला, गणपती कांगितेन झाला. या सगळ्यांकडे बोट दाखवून ‘हे तर मुळात आपलंच’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. स्मशानातला उग्र महाकाल धान्याच्या कोठाराचा हसरा देव कसा झाला, ही चिनी मठांच्या स्वयंपाकघरांतून आणि जपानी गावांतून घडलेली गोष्ट आहे आणि तिचं श्रेय तिकडच्या माणसांचं आहे.

होर्यूजीच्या भित्तिचित्रांचंही तसंच. सावलीने देहाला गोलाई देण्याची भारतीय पद्धत मध्य आशियामार्गे चीनला पोहोचली. खोतानहून चांगआनला आलेला वेइची यीसेंग हा चित्रकार तर भिंतीवरून उठून आल्यासारख्या दिसणाऱ्या आकृत्यांसाठी नावाजला गेला. चिनी चित्रकारांनी त्या सावलीला आपली तारेसारखी एकसंध, ताणलेली रेषा जोडली. होर्यूजीत या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. अजिंठ्याची रेषा जागोजागी जाड-बारीक होत देहाबरोबर वळते. होर्यूजीची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते.

या दोन्ही भिंतींसमोर बसून काम केलेला एक माणूस होऊन गेला. आराई कांपो हा जपानी चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून कोलकात्याला शिकवायला आला आणि १९१७-१८च्या सुमारास अजिंठ्याला राहून त्याने तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे १९४० मध्ये होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचं काम निघालं, तेव्हा त्यातल्या प्रमुख चित्रकारांत तो होता. महायुद्ध चालू असतानाही काम चालू राहिलं. १९४५ मध्ये, काम अपुरं असताना, तो वारला. २६ जानेवारी १९४९च्या पहाटे मंडपाला आग लागली आणि भिंतींवरची चित्रं होरपळून गेली. आज तिथे दिसतात त्या १९६०च्या दशकात नव्याने केलेल्या प्रतिकृती. जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यामागे ही आग होती. पुढे अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि परिसराच्या विकासासाठी जपान सरकारनेच मोठं कर्ज दिलं.

या वाटेवरची वर्दळ अलीकडेही थांबलेली नाही. १९५६च्या धर्मांतरानंतर वाशिम जिल्ह्यात गावोगाव बुद्धविहार उभे राहिले. नागपूरच्या बौद्ध चळवळीत जपानहून आलेले भदन्त सुरई ससाई दीर्घकाळ काम करत आले आहेत. कुकाईने नवव्या शतकात वसवलेल्या कोयासान पर्वतावरच्या विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. त्याचं अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी केलं. आणि पुण्यात पु. वि. बापट या पाली-चिनीच्या मराठी पंडिताने टोकियोच्या हिराकावा आकिरा यांच्या साथीने एक ग्रंथ सिद्ध केला. मूळ विनयटीका पालीतली. तिचं चिनी रूपांतर संघभद्र नावाच्या भिक्षूने ४८९च्या सुमारास कँटनमध्ये केलेलं, म्हणजे अजिंठ्यातलं ते मोठं काम नुकतंच थांबलं असेल तेव्हाचं. बापट आणि हिराकावा यांनी त्या चिनी पाठाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १९७० मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते प्रसिद्ध केलं.